काठीचा ठोका आणि सर्पाचे श्रवण

मराठवाड्याच्या जुन्या रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दरवाजांचा, सरायांचा आणि फौजांच्या मुक्कामांचा इतिहास लिहितो. त्याच रस्त्यांवरून अंधाऱ्या रात्री एकटा चालत गेलेला हरकारा, गावाभोवती गस्त घालणारा जागल्या, माळावर मेंढरे बसवून त्यांची राखण करणारा धनगर, अथवा पिकाला पाणी देऊन मध्यरात्री घराकडे वळणारा कुणबी यांच्या वाट्याला दफ्तरातील एखादी ओळही क्वचितच येते. तथापि या सर्वांच्या हाती एक वस्तू समान असे, आणि ती म्हणजे काठी. कधी ती साध्या बांबूची, कधी बोरी-बाभळीची, कधी टोकाला लोखंडी शेंबी बसविलेली आणि वरच्या अंगाला घुंगरे बांधलेली, म्हणजे जिला आपण घुंगुरकाठी म्हणतो ती. पण प्रत्येक दोन-चार पावलांनी ती जमिनीवर आपटीत चालावयाचे हा रिवाज मात्र सर्वांचा एकच. या रिवाजाला कोणी फर्मान काढले नव्हते, कोणत्या ग्रंथाने त्याचे विधान केले नव्हते. बापाने मुलाला सांगावे आणि मुलाने अनुभवाने पटवून घ्यावे एवढ्याच आधारावर तो शतकानुशतके टिकला. त्याच्या मुळाशी यंत्रशास्त्राचा किती साधा आणि किती पक्का सिद्धान्त आहे हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने स्पष्ट झाले आहे, आणि म्हणूनच त्याचा वृत्तान्त एकवार सलग सांगणे मला अगत्याचे वाटते.

ज्या भूमीवर ही चाल रुजली तिची घडण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मलिक अंबराने इ. स. १६१० मध्ये खडकी या गावी नवे शहर वसविले, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला आणि उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे पाणी भूमिगत नळांनी वस्तीत आणले. १६५३ मध्ये दख्खनच्या सुभ्यावर असलेल्या औरंगजेबाने त्या शहराला आपले नाव दिले, पुढे त्याभोवती तट बांधला गेला, तटाबाहेर पुरे वसले, आणि औरंगाबाद म्हणून साडेतीन शतके नांदलेले ते नगर आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. तटाचे दरवाजे रात्री बंद झाले म्हणजे बाहेर उरे तो दख्खनचा काळा मुलूख: वर कुठे काळी माती, कुठे तांबूस मुरूम, आणि खाली सर्वत्र ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा थिजलेला खडक. सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगा, म्हैसमाळचे पठार, कन्नडकडील गौताळ्याचे रान हा सारा प्रदेश सापांच्या वस्तीला सर्वथा अनुकूल आहे. खडकाच्या कपारीत आणि सैल दगडांखाली फुरसे, वाळलेल्या गवतात घोणस, उंदरांच्या बिळांत आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या हात-हात खोल भेगांत नाग, आणि जुन्या भिंतींच्या सांदीकोपऱ्यांत मण्यार, असे हे चार विषारी सर्प येथल्या माणसाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी होत.

अशा मुलखात रात्रीचा प्रवास टाळता येत नसे, कारण राज्याचा कारभारच त्याच्यावर चाले. मोगली अमलात डाकचौक्यांची साखळी होती आणि एका चौकीचा धावपटू दुसऱ्या चौकीच्या धावपटूच्या हाती कागद देऊन परत फिरे. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात हेच काम करणारा जासूद पदोपदी भेटतो. १६८१ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत औरंगजेबाने आपला मुक्काम दक्षिणेत ठेवला, त्या पाव शतकात औरंगाबादच्या वाटेने किती खलिते पायी गेले असतील याची गणना करणे कोणालाही शक्य नाही. पुढे १७२४ नंतर निजामाची गादी स्थापन झाली आणि १७६३ पर्यंत औरंगाबाद हीच त्याची राजधानी राहिली; नंतर राजधानी हैदराबादेस गेली, परंतु शहराचे सुभ्याचे ठाणे म्हणून असलेले महत्त्व टिकून राहिले. निजामाच्या राज्यात टपालाचे खाते स्वतंत्र होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटेही निघू लागली. मात्र तिकीट आले तरी पत्र वाहणारे पाय माणसाचेच राहिले. इंग्रजी मुलखातील डाकेच्या हरकाऱ्याचे चित्र सर्वपरिचित आहे: पाठीवर थैली, हातात घुंगरे लावलेला भाला अथवा काठी, आणि धावताना पावलाबरोबर घुमणारा तिचा नाद. मनमाडहून येणारी गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गाची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभास औरंगाबादेस पोहोचली आणि मोठ्या रस्त्यांवरील हरकाऱ्याचे युग आटोपत आले. आडमार्गांवर मात्र तो त्यानंतरही दीर्घकाळ चालत राहिला.

हरकाऱ्यापेक्षाही जुना वारसा जागल्याचा. गावगाड्यात त्याच्याकडे पहाऱ्याचे काम असे, त्याबद्दल त्याला बलुते मिळे किंवा जमिनीचा तुकडा सनदेने लावून दिलेला असे. अशा शिपायांना शेतसनदी म्हणत, आणि हैदराबाद राज्याच्या मराठी जिल्ह्यांत ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. जागल्याची काठी वेशीपासून गावठाणापर्यंत ठोके देत फिरे आणि त्या ठोक्याने चोराला इशारा मिळे, झोपलेल्या माणसाला धीर मिळे, आणि वाटेवरच्या सापालाही सूचना मिळे. या तिहेरी उपयोगापैकी पहिले दोन सर्वांना ठाऊक होते. तिसरा इतका अंगवळणी पडलेला होता की त्याचा स्वतंत्र उच्चार करण्याची गरज कोणाला भासली नाही.

सर्प आणि भूमी यांचे नाते या प्रदेशाच्या श्रद्धेतही खोलवर मुरलेले आहे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिल्पकारांनी नागराजाला त्याच्या राणीसह राजाच्या ऐटीत बसविले आहे. त्याच्या मस्तकामागे फणांचे छत्र आहे, परंतु मुद्रा शांत, पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या यजमानाची आहे. श्रावण शुद्ध पंचमीला नागाची पूजा करावयाची, त्या दिवशी नांगर धरावयाचा नाही, जमीन खणावयाची नाही, हा नियम मराठी कुणब्याने निष्ठेने पाळला. आणि त्यामागची कहाणीही हेच सांगते की शेतकऱ्याच्या नांगराने बिळातील पिले मेली आणि त्यातून पुढचा अनर्थ ओढवला. ज्या महिन्यात पावसाने बिळे भरून साप वर येतात त्याच महिन्यात भूमीला धक्का न देण्याचे व्रत असावे, यात आपल्या पूर्वजांचे निरीक्षण मला स्पष्ट दिसते. जमिनीला दिलेला धक्का सापापर्यंत पोहोचतो, ही एकच गोष्ट व्रताच्या रूपाने एके ठिकाणी आणि काठीच्या रूपाने दुसऱ्या ठिकाणी व्यक्त झालेली आहे.

आता हा धक्का पोहोचतो कसा, ते पाहू. काठीचे टोक जमिनीवर आदळले की त्या जागची माती क्षणभर दबते आणि आपल्या स्थितिस्थापकतेने पुन्हा वर येते. ही हालचाल शेजारच्या कणांना मिळून तिच्या लहरी होतात. काही लहरी भूगर्भात सर्व दिशांनी पसरतात आणि लवकर क्षीण होतात, तर काही पृष्ठभागालाच धरून चालतात. या दुसऱ्या प्रकारच्या लहरींचे गणित लॉर्ड रॅले या इंग्रज पदार्थविज्ञान्याने १८८५ मध्ये मांडले, आणि त्यांना आज त्याचेच नाव आहे. पुढे १९५५ मध्ये मिलर आणि पर्सी या दोघांनी हिशेब करून दाखविले की, एकजिनसी आणि स्थितिस्थापक भूमीवर वरून उभा आघात होत राहिला असता बाहेर पडणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६७ टक्के ऊर्जा या पृष्ठलहरींत जाते, २६ टक्के कर्तन-लहरींत आणि अवघी ७ टक्के संपीडन-लहरींत. शिवाय पृष्ठलहर केवळ पृष्ठभागावरच पसरावयाची असल्यामुळे अंतराबरोबर तिचा ऱ्हास संथ होतो. म्हणजे उभ्या ठोक्याने दिलेल्या शक्तीचा मोठा वाटा जेथे साप पडलेला असतो त्याच थराला, जमिनीच्या कातडीला, मिळतो. अनवाणी पाऊल हळूहळू टेकते आणि तितक्याच हळू उचलले जाते, म्हणून त्याच्यापासून उठणारा कंप मंद आणि दुर्बळ असतो. शेंबीचा आघात मात्र कठीण आणि निमिषार्धात संपणारा, म्हणून त्यात जलद आंदोलनांचा अंश पुष्कळ असतो. काठीच्या टोकाला लोखंड बसविणाऱ्या लोहाराने टोक झिजू नये एवढाच विचार केला असेल, परंतु त्याच्या हातून ठोक्याचा कंपही अधिक प्रखर झाला.

आणि ज्याच्यासाठी हा ठोका द्यावयाचा त्या प्राण्याची श्रवणरचना तर या कामासाठीच घडविल्यासारखी आहे. सापाला बाह्यकर्ण नाही, कानाचा पडदाही नाही. पण अंतःकर्ण मात्र पूर्ण आहे. त्या अंतःकर्णाला टेकलेले एक बारीक हाड जबड्याच्या सांध्याजवळील दुसऱ्या हाडाशी जोडलेले असते, आणि ते हाड खालच्या जबड्याशी. साप जमिनीवर डोके टेकून पडला असता भूमीचा कंप खालच्या जबड्यात शिरतो आणि या हाडांच्या साखळीने थेट अंतःकर्णात जातो. सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू हनुवटीपाशी एकजीव झालेल्या नसतात, केवळ लवचीक बंधाने जोडलेल्या असतात. मोठे भक्ष्य गिळता यावे म्हणून झालेल्या या रचनेचा दुसरा लाभ असा की दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हलू शकतात. फ्रीडेल, यंग आणि व्हान हेमेन या तिघा संशोधकांनी २००८ मध्ये या जबड्याचा विचार पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेप्रमाणे केला: लाट आली की नौका जशी वरखाली होते आणि कलते, तशी जबड्याची प्रत्येक बाजू पृष्ठलहरीवर हेलावते, आणि डाव्या-उजव्या हेलकाव्यांतील सूक्ष्म कालभेदावरून कंप कोणत्या दिशेने आला हे सापाला उमगू शकते. नौकाबांधणीच्या शास्त्रातील समीकरणांनी सर्पाच्या कानाचे कोडे उलगडावे, ही विज्ञानाच्या एकात्मतेची किती सुंदर साक्ष आहे!

साप ठार बहिरा असतो, अशी समजूत पुस्तकांतून पुष्कळ दिवस चालत आली. ती पूर्णतः खरी नाही. पीटर हार्टलाइन याने १९७१ मध्ये दाखविले की सापाला कंप कळण्याचे दोन मार्ग आहेत, एक अंतःकर्णाचा आणि दुसरा त्वचेतून पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा. अजगराच्या जातीच्या एका सापावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले की, हवेतील ध्वनीने त्याची कवटीच थरथरते आणि त्या थरथरीमुळे तो ऐकतो. त्याचे श्रवण सेकंदाला ८० ते १६० आंदोलनांच्या ठेक्याला सर्वांत तीक्ष्ण असते. तरीही पुंगीच्या सुरावर नाग डोलतो ही कल्पना बाजूला ठेवावी लागते. गारुड्याची पुंगी हलते, त्याचा गुडघा हलतो, आणि फणा काढलेला नाग त्या हालचालीवर दृष्टी खिळवून तिच्याबरोबर वळतो. संगीताचा रस तो घेत नाही.

याच दृष्टीने घुंगुरकाठीकडे पाहिले असता तिच्यातील योजकता विलक्षण वाटते. घुंगरांचा नाद सेकंदाला हजारो आंदोलनांचा, म्हणजे सापाच्या श्रवणाच्या पलीकडचा आहे. सापासाठी तो जवळजवळ नाहीच. परंतु लांडगा, कोल्हा, तरस, बिबट्या यांचे कान अशा नादाला अत्यंत तीव्र असतात, आणि माणसालाही तो दुरून ऐकू येतो. उलट शेंबीचा ठोका हवेत फारसा घुमत नाही, पण जमिनीत शिरतो. म्हणजे एकाच काठीच्या दोन टोकांनी दोन निरनिराळ्या सृष्टींशी संवाद चाले: वरचे टोक हवेतून ऐकणाऱ्यांसाठी, खालचे टोक भूमीतून ऐकणाऱ्यांसाठी. हरकाऱ्याला ही विभागणी शब्दांत मांडता आली नसती, पण त्याच्या हातातील वस्तूत ती मूर्तिमंत होती.

भूमीतून ऐकणारा साप एकटाच नाही. विंचवाला कंपाचे ज्ञान पायांच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म फटींनी आणि केसांनी होते. अमेरिकेतील मोहावीच्या वाळवंटात फिलिप ब्राउनेल याने १९७७ मध्ये सिद्ध केले की, वाळूतून पृष्ठलहर सेकंदाला केवळ ५० मीटरच्या सुमाराने जाते आणि आठ पायांचे वर्तुळ पसरून उभा असलेला विंचू कोणत्या पायाला ती आधी लागली यावरून किड्याची दिशा ओळखतो. पायांच्या टोकांतील अंतर ५ सेंटिमीटर धरले तर हा कालभेद सेकंदाचा हजारावा भाग एवढाच होतो. तो ओळखण्यास गणित लागत नाही, केवळ पुरेसे पसरलेले पाय लागतात. औरंगाबादेच्या मोगली फीलखान्यातील ज्या हत्तींची नोंद केवळ खर्चाच्या हिशेबात झाली असेल, त्यांच्या पायांच्या तळव्यांतही कंप टिपणारी इंद्रिये होती, आणि रानटी हत्ती एकमेकांचे गंभीर हुंकार भूमीतूनही ओळखतात हे आफ्रिकेतील नामिबियात झालेल्या निरीक्षणांनी दाखविले आहे. आपल्याही बोटांच्या त्वचेखाली अशी इंद्रिये आहेत. इटालियन शास्त्रज्ञ फिलिपो पाचिनी याचे नाव त्यांना मिळाले आहे. एका मज्जातंतूच्या टोकाभोवती एकावर एक पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये द्रव, एवढीच त्यांची रचना. संथ दाब त्या द्रवात विरून जातो, जलद कंप मात्र आत पोहोचतो, आणि म्हणून सेकंदाला २०० ते ३०० आंदोलनांना ती सर्वाधिक संवेदनशील असतात. कोणता कंप घ्यावा आणि कोणता सोडावा याची निवड मेंदूपर्यंत जाण्याआधीच, पापुद्रे, हाडे, फटी आणि पाय यांच्या आकारानेच होऊन जाते, हाच या साऱ्या उदाहरणांचा समान अर्थ आहे.

मात्र ज्या रिवाजाचे आपण गुणगान करतो त्याच्या मर्यादाही सांगणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. सापाला कंप कळला म्हणजे तो पळालाच पाहिजे असे नाही. नाग किंवा धामण बहुधा वाट सोडते. घोणस आणि फुरसे मात्र जागीच दबून राहण्याचा संभव अधिक, आणि इशारा म्हणून घोणस फुसकारते, तर फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर करते. पावसाने चिखल झालेल्या शेतात काठीचा आघात चिखल दाबण्यातच खर्ची पडतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पृष्ठलहरींची वाट ठिकठिकाणी खंडित होते. मण्यारीचा दंश तर बहुधा घरात, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, तेथे काठीचा उपयोग नाही. तेथे खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हीच रक्षक. हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतेच. म्हणूनच काठी आपटीत चालणारा माणूस कंदिलाची वातही मोठी करी आणि जाड तळाच्या वहाणा घातल्याशिवाय रानात पाऊल टाकीत नसे.

ही चाल मागे पडली ती मुख्यतः गेल्या साठ-सत्तर वर्षांत. निजामी अंमल १९४८ मध्ये संपला, जागल्याची वतनी चाकरी कायद्याने गेली, रस्ते डांबरी झाले, सायकल आणि पुढे मोटारसायकल आली. ठोका देत चालण्याचे प्रसंगच विरळ झाले. पण शेतातील रात्र काही संपली नाही. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, कालव्यांखाली ऊस आणि कापूस वाढला, त्यांच्या आश्रयाने उंदीर वाढले आणि उंदरांमागे साप आले. आणि शेतीच्या पंपाला वीज अनेकदा रात्रीच मिळत असल्याने आजचा तरुण शेतकरीही त्याच अंधारात, त्याच बांधावरून, बहुधा मोबाइलच्या उजेडात आणि पायांत साधी चप्पल घालून पाणी धरावयास जातो. हातात काठी मात्र नसते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागांतले आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत अधिक. २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला मारण्यास बंदी आहे. माणूस वाचावा आणि सापही वाचावा, हे दोन्ही हेतू एकदम साधणारे साधन आपल्या घराच्या कोपऱ्यात उभे होते. आपण ते टाकून दिले.

म्हणून माझी विनंती आहे ती तीन प्रकारच्या वाचकांना. जिल्ह्याच्या ग्रामीण शाळांतील विज्ञानशिक्षकांनी लहरींचा पाठ शिकविताना घुंगुरकाठी वर्गात आणावी आणि मुलांना जमिनीवर तळहात ठेवून तिचा ठोका अनुभवू द्यावा. इतिहासाच्या अभ्यासकांनी हरकारे, शेतसनदी आणि जागले यांच्या आठवणी जुनी माणसे हयात आहेत तोवर लिहून घ्याव्यात. आणि रात्री रानात जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने उंच बूट, प्रखर विजेरी आणि शेंबीची काठी ही तिन्ही बरोबर ठेवावीत. एवढी काळजी घेऊनही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे, मंदिराकडे अथवा जडीबुटीवाल्याकडे एक क्षणही न दवडता, दंशाची जागा न कापता, न चोखता आणि करकचून न बांधता, रोग्याला स्थिर ठेवून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रकृती गंभीर असेल तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवावे, कारण सर्पविषावर प्रतिविषाच्या लसीखेरीज दुसरे खात्रीचे औषध नाही.